रिकाम्या घराची भिशी

काका कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढायचे आणि मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर. घरातली बाई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येईपर्यंत त्यांनी तिच्या कपाटाचं लोंबणारं दार सरळ केलेलं असायचं. विचारून करण्याची पद्धत नव्हती. न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या एका हॉटेलात टेबल डुगडुगतं म्हणून ते खाली शिरले होते आणि वेटर हातात डोसे घेऊन, ठेवू की नको अशा चेहऱ्याने उभा राहिला होता. एकदा देवळात दानपेटीची कडी ढिली दिसली. काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पेटीसमोर बसले, आणि मागून एक विश्वस्त धावत आले. त्यांची समजूत घालायला काकूंना जावं लागलं.

एडिसनमधल्या त्यांच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती. स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिक्षण संपवून मी न्यू जर्सीत नोकरीला आले होते, एका विमा कंपनीत, घरांच्या नुकसानीचे दावे तपासणाऱ्या विभागात. दिवसभर लोकांच्या फुटलेल्या पाइपांचे आणि जळलेल्या स्वयंपाकघरांचे फोटो बघायचे. घरात माणसं खरंच राहत होती की घर रिकामं पडलं होतं, हे पाण्याच्या मीटरवरून कसं ओळखायचं, असल्या गोष्टी मला तिथे शिकवल्या होत्या. संध्याकाळी येऊन मी खोलीचं दार लावून घ्यायचे. मला बोलायला आवडायचं नाही असं लोकांना वाटे. आवडायचं, जमायचं नाही.

माझ्या दाराची बिजागरी कुरकुरायची. काकांनी पहिल्याच आठवड्यात तेल घालून ती गप्प केली, तर काकू त्यांच्यावर रागावल्या.

"अहो, ती मुलगी बोलत नाही. निदान तिचं दार तरी बोलत होतं."

काका मूळचे नागपूरचे. अमेरिकेत येऊन त्यांना एवढी वर्षं झाली होती, पण बोलताना 'करून राहिलो' आणि 'जाऊन राहिलो' सुटलं नव्हतं. काकू पुण्याच्या. त्या काकांची वाक्यं पूर्ण होण्याआधीच मनातल्या मनात दुरुस्त करत असाव्यात असा त्यांचा चेहरा असायचा. काका पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि काकांना निरोपाचा केक कापून घरी पाठवलं. केक चांगला होता, असं ते सांगत.

घरी बसल्यावर त्यांनी भिंती ठोकायला सुरुवात केली. मधल्या बोटाच्या पेराने भिंत ठोकायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. घरात दोन प्रकारच्या भिंती असतात, हे मला त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं. काही लोड-बेअरिंग, म्हणजे वरचं सगळं ओझं घेऊन उभ्या असलेल्या. काही नुसती पार्टिशनं, पाडली तरी घराला पत्ता लागत नाही. हाच हिशेब ते माणसांना लावायचे. त्यांचा जुना बॉस पार्टिशन होता. मराठी मंडळाचे अध्यक्ष पार्टिशन होते, वर वॉलपेपर. काकू म्हणजे पाया.

"म्हणजे मला तळघरात घातलंत," काकू म्हणाल्या होत्या.

माझ्याबद्दल त्यांनी काही ठरवलं नव्हतं. एकदा जेवताना माझ्याकडे बघून म्हणाले, "ही पोट्टी अजून ठोकून पाहायची आहे."

मग त्यांनी ते घर घेतलं. ट्रेनने जरा पुढे गेलं की एक जुनं गाव लागतं. तिथल्या गिरण्या बंद पडल्या होत्या आणि रस्तेच्या रस्ते रिकामी घरं होती, खिडक्यांना प्लायवूड ठोकलेली. काकांनी त्यातलं एक दुमजली लाकडी घर साठवलेल्या पैशांतून विकत घेतलं. आत घर गरम ठेवणारी फर्नेस नव्हती, स्वयंपाकघर नव्हतं, एका खोलीत कबुतरं होती. काकूंनी दारात उभं राहून आत पाहिलं आणि गाडीत जाऊन बसल्या. काकांनी मात्र जिन्याजवळची भिंत ठोकली, कान लावला आणि तिच्यावर तळहात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

त्या गावच्या म्युनिसिपालिटीची एक योजना होती. रिकामं घर दुरुस्त करून बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला भाड्याने दिलं, तर दुरुस्तीचा बराचसा खर्च ग्रँट म्हणून परत मिळायचा. पण परत. आधी स्वतःचे पैसे घाला, काम पुरं करा, त्यांचा माणूस येऊन शेवटची तपासणी करेल, पसंत पडलं तर मग चेक. तोवर घरात कुणी राहायचं नाही, ही अट ठळक अक्षरांत होती.

"म्हणजे स्वयंपाक करून दाखवा, मग भांडी देतो," काका म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना ही गंमत वाटली होती.

भांड्यांसाठी ते बँकेत गेले. मला बरोबर नेलं, कारण माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं होतं. तिथे मात्र मला एक शब्द बोलू दिला नाही. बँकेच्या बाईंनी फार सभ्यपणे सांगितलं की घर राहण्यालायक नाही, त्यामुळे त्याच्यावर कर्ज देता येत नाही. काकांनी विचारलं की ते राहण्यालायक कशाने होईल. बाई म्हणाल्या, दुरुस्तीने. दुरुस्ती कशाने होईल, असं काकांनी विचारल्यावर त्यांनी फाइल मिटली. काकांनी त्यांचे आभार मानले आणि उठताना त्यांच्या खुर्चीचा ढिला हात घट्ट करून दिला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई चांगली आहे. बँक पार्टिशन आहे."

पुढचे काही दिवस ते वहीत आकडे मांडत बसले. एका शनिवारी काकूंची भिशी आमच्याकडे होती. एडिसनच्या या बायका वर्षानुवर्षं भिशी चालवत होत्या. महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे, चिठ्ठी टाकायची, जिचा नंबर लागेल तिने सगळी रक्कम न्यायची, आणि ज्यांच्या घरी भिशी त्यांनी खायला घालायचं. बहुतेकींचा नंबर ओक ट्री रोडवरच्या सोनाराकडे जाऊन संपायचा. एक जण टेक्सासला गेली म्हणून तिच्या जागी काकूंनी मला घेतलं होतं. मी पैसे द्यायचे, बशा फिरवायचे आणि कोपऱ्यात बसायचे. माझा नंबर लागला की जुनी गाडी घ्यायची, असं ठरवून ठेवलं होतं. चालवायची भीती वाटायची, ते वेगळं.

त्या दिवशी चिठ्ठ्या टाकायच्या आधी काका आत आले. टाय लावलेला. बँकेत गेले तेव्हा हाच होता. त्यांनी उभं राहून सांगितलं की काम पुरं होऊन ग्रँट मिळेपर्यंत दर महिन्याची भिशी त्यांना द्यावी. चिठ्ठ्या बंद ठेवाव्यात. ग्रँटचा चेक आला की सगळे पैसे परत, आणि चिठ्ठ्या जिथे थांबल्या तिथून पुढे सुरू.

काकू मान खाली घालून भेळेवर शेव पसरत होत्या. ही त्यांना नवीन बातमी होती, हे शेवेच्या ढिगावरून कळत होतं.

मग मावशी बोलल्या. त्यांना सगळ्याच नुसतं मावशी म्हणत. गिरगावात वाढलेल्या, नवरा लवकर गेलेला, फार्मसीत नोकरी करून मुलीला वाढवलेलं. त्या मुलीचं लग्न नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ठरलं होतं. हॉल बुक झाला होता, आणि हॉलचे उरलेले पैसे मावशी भिशीतून भरणार होत्या. सगळ्यांनी त्यांना ऑक्टोबरची भिशी आधीच कबूल केली होती, आणि आता तीही काकांकडे जाणार होती.

"छत केवढ्याला?" मावशींनी विचारलं.

काकांनी सांगितलं.

"आणि दुसऱ्याने केवढं सांगितलं? दुसऱ्याला विचारलंत ना?"

काकांनी विचारलं नव्हतं. त्यानंतर जे झालं ते बँकेत झालं नव्हतं. फर्नेस नवी की जुनी, प्लंबर कोण, तो याआधी कुणाकडे येऊन गेला आणि बाथरूम गळतं ठेवून गेला का, भाडेकरू मिळाला नाही तर काय, चेक उशिरा आला तर काय. काकांच्या टायची गाठ हळूहळू खाली येत गेली.

"उशिरा आला तर," ते म्हणाले, "मी हे घर गहाण टाकीन. हे. जिथं तुम्ही बसल्या आहात."

काकूंच्या हातातला चमचा थांबला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "टाकू."

मावशींनी एकच अट घातली. यापुढची प्रत्येक भिशी त्या रिकाम्या घरात व्हायची. आपले पैसे कुठे जाताहेत ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आणि खायला काकांनी करायचं.

त्यानंतरचे ते शनिवार मला अजून आठवतात. नुसत्या लाकडी फळ्यांच्या खोलीत, रंगाचे डबे उलटे घालून त्यावर बसलेल्या रेशमी साड्यांमधल्या बायका. बाहेर काका कॅम्पिंगच्या शेगडीवर बटाटेवडे तळताहेत. बायका आधी घरभर फिरून यायच्या. मावशी सगळे नळ सोडून बघायच्या. बाथरूमची फरशी उलट्या उताराची लागली होती, ते एकीच्या पायाखाली पाणी साचल्यावर कळलं आणि सगळी उखडून परत बसवली. ओट्याची उंची तर पाचजणींनी पाच वेगळ्या प्रकारांनी पोळी लाटल्याचं नाटक करून ठरवली. काँट्रॅक्टर पोर्तुगीज होता. तो आधी हसायचा, नंतर शनिवारच्या आधी झाडून ठेवायला लागला.

"इन्स्पेक्टर्स आर कमिंग," असं तो आपल्या माणसांना सांगायचा.

सप्टेंबरच्या शेवटी काम पुरं झालं. म्युनिसिपालिटीने तपासणीसाठी एका सोमवारी सकाळी अकराची वेळ दिली. आणि बायकांनी वास्तुशांतीचं काढलं. गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअरमध्ये असायचे, फक्त शनिवार-रविवारी गुरुजी. पुढच्या आठवड्यात ते भारतात जाणार होते, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशीचा रविवारच मिळाला. काका असल्या गोष्टींना फारसे मानत नसत, पण ज्यांच्या पैशांवर छत उभं होतं त्यांना नाही म्हणण्याची त्यांची टाप नव्हती.

पूजा छान झाली. दाराला झेंडूचं तोरण लागलं. नव्या शेगडीवर काकूंनी दूध ठेवलं आणि सगळ्याजणी भोवती उभ्या राहिल्या. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीवर पसरलं, खालून ओव्हनच्या काचेवर ओघळलं. सगळ्यांना आनंद झाला. निघताना गुरुजी सहज म्हणाले की आज रात्री दिवा विझू द्यायचा नाही आणि वास्तू एकटी सोडायची नाही.

काका अडखळले. "अट आहे ना बावा. कुणी राहायचं नाही."

"झोपायला काय होतंय? झोपणं म्हणजे राहणं नव्हे," मावशी म्हणाल्या. "सकाळी अकराच्या आत गाद्या गुंडाळा."

म्हणून काका, काकू आणि मी तिथे झोपलो. मला सोमवारी सुट्टी होती आणि काकूंना सोबत हवी होती.

इन्स्पेक्टर आठ वाजता आला. त्याची आधीची भेट रद्द झाली होती. ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा माणूस. बेल वाजली तेव्हा दार काकांनी उघडलं, पायजमा, बनियन आणि तोंडात टूथब्रश अशा अवस्थेत.

त्याने आधी काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांकडे, मग स्वयंपाकघरात अंबाडा सैल झालेल्या अवस्थेत चहा गाळणाऱ्या काकूंकडे. नव्या कोऱ्या शेगडीवर दुधाचे करपलेले डाग होते. कोपऱ्यात समई जळत होती.

"तुम्ही इथे राहता?" त्याने इंग्रजीत विचारलं.

काकांनी ब्रश काढला. "नो, नो. ओन्ली लास्ट नाइट. कम्पल्सरी."

इन्स्पेक्टरने पेन काढलं. काका बोलत सुटले. घर, भिशी, गुरुजी, बँकेची बाई, पाया, पार्टिशन, सगळं एकाच वाक्यात, आणि प्रत्येक शब्दागणिक घर जास्त जास्त नांदतं वाटायला लागलं. इन्स्पेक्टर म्हणाला की योजना रिकाम्या घरांसाठी आहे. लोक आधीच राहत असतील तर त्याला तसं लिहावं लागेल, आणि मग ग्रँटचं काही सांगता येणार नाही. काकूंनी चहाचं भांडं खाली ठेवलं. त्या क्षणी मला मावशी दिसल्या, हॉलवाल्याला फोन करणाऱ्या.

मला आठवतं, मी आधी घसा साफ केला होता आणि तो आवाजही मला मोठा वाटला होता.

"पाण्याचं मीटर बघा," मी म्हणाले.

तिघंही माझ्याकडे वळले. मी सांगितलं की मीटर तळघरात आहे, नवीन बसवलेलं. घरात माणसं राहत असली तर पाणी वापरलं जातं, अंघोळी, कपडे, भांडी. इथे फक्त रंगाचे ब्रश धुतले गेलेत आणि महिन्यातून एकदा चहा झालाय. आमच्या कंपनीत आम्ही हेच बघतो. तो माझ्या मागे तळघरात आला. टॉर्च मारून त्याने मीटर वाचलं, मिशांवरून बोट फिरवलं आणि काहीतरी लिहिलं.

वर आल्यावर त्याने शेगडीकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"ते मुद्दाम सांडलंय," मी म्हणाले. "एकदाच. घरात काही कमी पडू नये म्हणून. आणि रात्री झोपलो कारण पहिल्या रात्री घर एकटं ठेवायचं नसतं."

त्याने वाकून ते डाग पाहिले. मग म्हणाला की त्याची आजी नव्या घरात आधी पाव आणि मीठ घेऊन जायची, आणि कुणी आधी दुसरं काही आत आणलं तर घर डोक्यावर घ्यायची. त्याला याच रस्त्यावर आणखी एक घर बघायचं होतं. तो अकराला परत येणार होता, ठरल्या वेळेला. तोवर गाद्या जायला हव्या होत्या आणि शेगडी स्वच्छ हवी होती. समईचं तो काही बोलला नाही.

अकरा वाजता त्याने सगळं घर बघितलं. खिडक्या, प्लग, फर्नेस, बायकांनी उखडायला लावलेली बाथरूमची फरशी. तिचा उतार बघून तर त्याने मान डोलावली. शेवटी जिन्याच्या कठड्याला हात लावून हलवलं.

कठडा डुगडुगला.

सगळ्या एडिसनची दारं घट्ट करत फिरलेल्या माणसाच्या स्वतःच्या घराचा कठडा ढिला निघाला होता. काका लालबुंद झाले. इन्स्पेक्टर काही बोलायच्या आत त्यांनी खिशात हात घातला, आणि पुढची काही मिनिटं त्या घरात फक्त स्क्रू फिरल्याचा आवाज होता. इन्स्पेक्टरने कठडा पुन्हा हलवला. हलला नाही. त्याने सही केली.

चेक यायला मात्र नोव्हेंबर उजाडला. मधल्या आठवड्यांत काका टपालपेटीपाशी इतक्या वेळा जायचे की पोस्टमन दुरूनच मान हलवून 'नाही' सांगायला लागला होता. काकूंनी घर गहाण टाकायचे कागद शांतपणे काढून ठेवले होते. मावशींनी एकदाही फोन केला नाही, आणि काकांना त्याचाच सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात चेक आला. काका तो बँकेत भरायच्या आधी भिशीत घेऊन गेले. मावशींनी चष्मा लावला आणि खिडकीच्या उजेडात चेक उलटसुलट करून पाहिला.

"खरा आहे," त्या म्हणाल्या. "आता वडे आणा."

त्या घरात पुढे एक नर्स आपल्या मुलांना घेऊन राहायला आली. काका दर रविवारी काहीतरी घट्ट करायला जायचे. शेवटी तिने आधी फोन करत जा, असं हसून सांगितलं. माझी भिशी मार्चमध्ये लागली आणि मी गाडी घेतली. काका शेजारी बसून शिकवायचे. सिग्नलला थांबलं की डॅशबोर्डचे स्क्रू तपासायचे.

पण मला ते आठवतात ते मावशींच्या मुलीच्या लग्नातले. हॉलवाल्यांनी उभा केलेला मांडव जरा घाईतला होता. अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला, आणि मला दिसलं की काका सिल्कच्या कुर्त्यात गुडघ्यांवर बसून मांडवाच्या मागच्या खांबाशी झटापट करताहेत. स्क्रू धरत नव्हता. ते उठले आणि खांबाला हात लावून उभे राहिले. तेवढ्यात समोरून मावशी त्यांना खुणावू लागल्या. त्यांना काका पुढे, आपल्या शेजारी हवे होते. आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या जागी उभं राहायला त्यांनी काकांना सांगितलं होतं.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मांडवाभोवती मंडळाचे अध्यक्ष होते, मुलाकडचे दोन उंच मामा होते. काकांनी मला बोलावलं, माझा हात धरून खांबावर ठेवला आणि त्या हातावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं.

"सोडू नको पोट्टी," ते म्हणाले. "लोड-बेअरिंग आहे."

आणि ते कुर्ता झटकत पुढे गेले. मंगलाष्टकं बरीच लांबली. मी एका हाताने खांब धरून होते आणि दुसऱ्या हाताने अक्षता टाकत होते.